बव्हेरियाची सुई

२१ फेब्रुवारी १८०९

चर्चच्या दारावर आज आणखी एक हुकूम डकवलाय. नाताळची मध्यरात्रीची प्रार्थना बंद करून झाली, मिरवणुका बंद करून झाल्या, वादळात घंटा वाजवणंही बंद. आता राहिलं काय? तर आमची पोरं! सगळ्या लहान मुलांना देवी टोचून घ्यायची म्हणे, म्युनिकहून डॉक्टर येणार, आणि नाही म्हणेल त्याला कोठडी. वाटलं, हा कागद फाडावा आणि त्यात चीज बांधावं. पहारेकरी बघत होता म्हणून फाडला नाही. संध्याकाळी फाडला.

फ्रेंच बादशहानं लढाई मारली आणि आमचं टिरोल आमच्या ऑस्ट्रियाच्या कैसरकडून हिसकावून बव्हेरियाच्या राजाला बक्षीस देऊन टाकलं, जशी काही ताटातली उरलेली सॉसेज. तेव्हापासून हे निळ्या डगल्याचे आम्हाला शहाणपण शिकवताहेत. आता रक्तातही घुसणार! कपुचिन मठातले बाबा काल आमच्या खाणावळीत बसून सांगत होते, त्या सुईवर गाईच्या फोडातला पू असतो आणि त्यातून बव्हेरियाचं पाखंड अंगात उतरतं. असलं पोर मोठं झालं की क्रूसाची खूण करायला त्याचा हातच उठत नाही.

कासियानला सांगितलं तर नवरोबा म्हणतात, "आफ्रा, सुई ती केवढी! गोळीपेक्षा लहानच असते की." ह्याला बंदूक सोडून दुसरं काही सुचतं का? माझ्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत, मी नाही का जगले? तीन भावंडं गेली माझी, पण ती देवानं नेली, म्युनिकच्या डॉक्टरानं नाही. माझ्या लेकीच्या, झेंझीच्या अंगाला मी सुई लागू देणार नाही. लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी

आला! डॉक्टर रीडल म्हणजे नुसती काडी. नाकावर चष्मा, नाक सतत गळतं, आणि आमच्या बदकांना घाबरतो. अंगणातून जाताना बदकं अंगावर धावली तर औषधाची पेटी डोक्यावर धरून पळाला. हसून हसून माझ्या पोटातला पाहुणाही हलला असेल, अजून वाटाण्याएवढाच असला तरी.

शाळेत त्यानं टेबल मांडलं. मी समोरच्या हौदाच्या कठड्यावर चढले आणि असा आवाज लावला की पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला असेल. "बायांनो, पोरं घेऊन घरी चला! आज दंड दिलात तर उद्या ते मान मागतील!" निम्म्या बाया तिथूनच परतल्या. उर्शी, घंटा वाजवणाऱ्या सॅक्रिस्टनची बायको, तेवढी आपल्या लेकीचा, व्हेफीचा हात धरून पायरीवर घुटमळत होती. म्हणाली, "आफ्रे, मला भीती वाटते गं. गेल्या साली माझ्या बहिणीची दोन गेली देवीत." मी तिची बाही धरून अशी ओढली की शिवण उसवली. पण वाचवलं मी तिला. रडत रडत का होईना, गेली घरी.

आणि ज्या घराण्यात मी नांदते त्याच घराण्यात फितुरी! माझी नणंद बुर्गल, कासियानची थोरली बहीण, विधवा बाई, सगळ्यांच्या देखत आत गेली आणि आपल्या लेंट्सला टोचून घेऊन आली. मान ताठ. दुपारपर्यंत पोरांनी लेंट्सला "बव्हेरियाचं वासरू" नाव ठेवलंसुद्धा. शरम वाटली मला.

पण डोकं म्हणतात ते हे! शिपाई आता घरोघर पोरं शोधत फिरणार. जिथे टोचून झालंय त्या घरात कोण कशाला शोधेल? म्हणून झेंझीला मी बुर्गलकडेच नेऊन ठेवली. नाक मुठीत धरून जावं लागलं, पण गेले. बुर्गलनं झेंझीला आत घेतलं. मग म्हणाली, "ठेव. पण महिनाभर राहू दे. मध्येच न्यायचं नाही."

बाई वाईट नाही. भित्री आहे इतकंच.

४ मार्च

ऐका माझा पराक्रम! लेंट्सचा फोड कसा आलाय ते बघायला डॉक्टर आज बुर्गलकडे गेला. मी बाहेर लाकडाच्या ढिगाआड, जीव मुठीत धरून. आत झेंझीच्या रडण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर पडला, अगदी खुशीत, शीळ घालत. बुर्गलला विचारलं तर म्हणाली, "त्याच्या चष्म्याला घाबरली पोर. मी सांगितलं, ही पण माझीच."

म्हणजे माझी झेंझी त्याच्या नाकासमोर, हाताच्या अंतरावर उभी होती आणि त्या शहाण्याला पत्ता नाही! आमच्या घरची शिपायांनी काल झडती घेतली, पिठाचं पिंपसुद्धा उपसलं. मी त्यांना वर एकेक पेला दारू पाजली. हसू दाबताना माझे गाल दुखले.

१४ मार्च

झेंझीला भेटून आले. जरा कणकण आहे आणि दंडावर एक फोड आलाय, कडेनं लाल. बुर्गल म्हणाली, चुलीतली ठिणगी उडाली. मी म्हटलं, "एवढी गोल ठिणगी?"

"ठिणग्या गोलच असतात," बुर्गल म्हणाली, आणि कणीक मळत राहिली.

मी वर डुकराची चरबी लावायला निघाले तर माझ्या हातातून डबा काढून घेतला. आपल्या भाचीचीही ह्या बाईला नीट राखण करता येत नाही! माझ्या स्वैपाकघरात कधी ठिणगी उडाली नाही.

१० एप्रिल

भुसा! भुसा! सकाळी नदीवर कपडे धुवायला गेले आणि पाण्यावर लाकडाचा भुसा वाहत येताना दिसला, लाल झेंडा लावलेल्या फळ्यांवर. हीच ती ठरलेली खूण. वरच्या गावांत आमच्या लोकांनी उठाव केला. कैसरचं सैन्य सीमेवर आलंय. मी ओले कपडे तिथेच टाकून चढण धावत वर आले आणि ओरडले, "आला भुसा!" उर्शीच्या नवऱ्यानं बंदी घातलेली वादळाची घंटा धरली आणि बडवली, बडवली, हात सोलेपर्यंत. किती महिन्यांनी ऐकली ती! म्हातारे रडत होते. कासियान भिंतीवरून बंदूक काढून हसत उभा. बादशहाच्या लढाईसाठी ज्यांची नावं लष्करात लिहून नेली होती ती सगळी लपलेली पोरं जंगलातून बाहेर आली, दाढ्या वाढलेल्या, भुकेली. मी हंडाभर पावाचे गोळे, आमचे क्नोडल, उकडले, एक उरला नाही.

१३ एप्रिल

जिंकलो! राजधानी इन्सब्रुक आपलं! आणि आमच्या घाटाच्या वळणावरही आम्ही जिंकलो, मी स्वतः होते तिथे. रस्त्यावरच्या कड्यावर दगड रचून दोरांनी बांधून ठेवले होते. निळे डगले खाली आले, कासियाननं टोपी हलवली, आणि दोर कापणाऱ्यांत तिसरी मी. असा गडगडाट आयुष्यात ऐकला नव्हता. धूळ खाली बसली तर अख्खी तुकडी बंदुका टाकून हात वर करून उभी. काही जण उठलेच नाहीत. एक अगदी कोवळा होता. त्याच्याकडे मी फार वेळ बघितलं नाही.

डॉक्टरला शाळेतून खेचून काढला आणि गाढवावर उलटा बसवून धिंड काढली. सगळ्यात पुढे मी. माझ्यासमोर गाढव थांबलं तर म्हणतो कसा, "बाई, मला हाकला, पण ऐका. इतकी सैन्यं फिरताहेत. उन्हाळ्यात देवी येणार. ज्यांना टोचलं नाही त्यांना..." पुढचं त्याला बोलू दिलं नाही. भांड्यांचं खरकटं पाणी होतं, बादलीभर, ते त्याच्या डोक्यावर.

आणि बुर्गलनं काय करावं? त्याच्या खिशात पाव कोंबला! तो तिला म्हणाला, "दोन्ही मुलांना जपा." दोन्ही? हिला एकच आहे. झेंझीही हिचीच, ही थाप अजून खरी धरून बसलाय बिचारा.

३१ मे

लिहायला उसंत कुठली. निळे डगले परत आले आणि परत हाकलले! इन्सब्रुकपाशी टेकडीवर दोन लढाया, कासियान दोन्हीत, टोपीला भोक पाडून घेऊन आलाय आणि गावभर ते भोक दाखवत फिरतोय. गोळ्या संपल्या तेव्हा मी खाणावळीतल्या कथलाच्या सगळ्या ताटल्या वितळवल्या, सासूबाईंनी दिलेला मोठा परातीएवढा थाळासुद्धा. आता पाहुण्यांना लाकडी पाट्यांवर जेवायला वाढते. कोणी कुरकुरलं तर सांगते, "तुझं ताट बव्हेरियाच्या पोटात गेलंय."

आमच्या पडवीत जखमी ठेवलेत, त्यांचे आणि आमचे शेजारी शेजारी. त्यांच्यातला एक तापानं फणफणलाय, तोंडावर पुरळ आहे. उर्शी त्याला पाणी पाजते. म्हणते, पाणी काय, कोणालाही द्यावं.

११ जून

येशूच्या पवित्र हृदयाचा सण. डोंगराडोंगरांवर होळ्या पेटल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. कोणाच्या बापाची हिंमत आहे आता बंदी घालायची! झेंझीला खांद्यावर घेऊन उभी होते, पोर टाळ्या पिटत होती. एवढा आनंद एका अंगात मावतो कसा?

५ जुलै

देवी आल्या. लोहाराच्या दोघांना, आणि आज उर्शीच्या व्हेफीला.

परवाच झेंझी व्हेफीबरोबर एका पांघरुणात झोपली होती. एकाच वाडग्यातून दूध प्यायल्या दोघी.

९ जुलै

झेंझीच्या अंगाला दर तासाला हात लावून बघते. जरा गरम लागली की दिवा जवळ आणून अंगभर फोड शोधते. माझ्या आईला मी तीन शवपेट्यांमागून चालताना बघितलंय, मी तेव्हा स्वतः पांघरुणात होते आणि खिडकीतून दिसत होतं. पवित्र हृदया, माझे सगळे दागिने घे, खाणावळ घे, हवं तर लढाईसुद्धा हरव, पण हिला सोड.

हे वरचं वाक्य कासियाननं वाचू नये.

बुर्गल रोज येते. लेंट्स लोहाराच्या पोरांना सूप नेऊन देतो, त्यांच्या खाटेवर बसतो. मी ओरडले, "अगं, मरेल ना तो!" बुर्गल म्हणाली, "नाही मरणार." बव्हेरियाचं रक्त झालंय ना आता त्याचं, देवीलाही नकोसं वाटत असेल.

"आणि झेंझीलाही काही होणार नाही. झोप तू," म्हणाली. इतकं खात्रीनं म्हणाली की मी खरंच झोपले.

२० जुलै

व्हेफी गेली. शेवटी तिचे डोळे उघडत नव्हते.

झेंझीला साधा फोडही नाही. गावात लोक म्हणतात, आफ्राचा नवस पावला. मीही तेच म्हणते. मेणबत्ती लावली, माझ्या हाताएवढी जाड. दफनाच्या वेळी उर्शी माझ्याकडे बघत नव्हती. झेंझीकडे बघत होती, झेंझीच्या उघड्या दंडाकडे. का कोण जाणे. मी पोरीला शाल गुंडाळली.

१५ ऑगस्ट

तिसऱ्यांदा हरवलं त्यांना! बादशहानं आपला मोठा सरदार धाडला होता, युरोपभर ज्याच्या नावानं लोक चळाचळा कापतात तो, आणि आमच्या गवळ्यांनी, सुतारांनी, खाणावळवाल्यांनी त्याला आल्या वाटेनं परत पाठवला. कासियान सुखरूप. आज मरियेचा सण, ढोल वाजताहेत, माझं पोट ढोलाएवढंच झालंय आणि तरी मी सकाळी नाचले.

नाचून आले आणि पोरांना मिरवणुकीसाठी आंघोळ घालायला घेतली. लाकडी टबात दोघं, झेंझी आणि लेंट्स. घासता घासता लेंट्सचा डावा दंड हातात आला. त्यावर एक खळगा, गोल, मसुराएवढा, आत बारीक टोचे. मग झेंझीचा डावा दंड. तस्साच. तिथेच.

ठिणग्या गोलच असतात.

हातातला पाणी ओतायचा लाकडी डाव घेऊन मी तशीच बुर्गलच्या दारात. डाव उगारला. तिनं डावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मारायचं तर मार," म्हणाली. "पण आधी पोरांना पुसून ये. गारठतील."

"कोणाला विचारून केलंस?"

"कोणाला विचारणार? तू हौदावर उभी होतीस." मग हळूच म्हणाली, "तूच तर आणून सोडलीस तिला, आफ्रा. मला वाटलं, तुझं तोंड एक सांगतंय आणि पाय दुसरं."

माझे पाय असलं काही सांगत नव्हते. पण हे मी तिला बोलले नाही. तिथेच उंबऱ्यावर बसले. झेंझी जिवंत आहे ह्याचा मला इतका आनंद झाला की ढोल ऐकू येईनासे झाले. आणि मग एकदम उर्शीची बाही आठवली, माझ्या मुठीतली.

१६ ऑगस्ट

आज काही लिहवत नाही.

२२ ऑक्टोबर

मुलगा झाला! धष्टपुष्ट, आवाज माझा. कैसरवरून नाव ठेवलं, फ्रान्झ. आणि तिकडे त्या कैसरनंच बादशहाशी तह केला म्हणतात, आम्हाला सोडून दिलं. खोटं असेल. खोटंच असणार.

६ नोव्हेंबर

खोटं नव्हतं. सर्व संतांच्या दिवशी आपले लोक हरले. कासियान वर कुरणातल्या गवताच्या कोठारात लपलाय. आमच्या खाणावळीत पुन्हा निळे डगले, माझेच क्नोडल खाताहेत. मी मीठ दुप्पट घालते.

३ डिसेंबर

डॉक्टर रीडल परत आला. आणखी बारीक झालाय. खालच्या खोऱ्यात पुन्हा देवी सुरू झाल्या आणि ह्याच्याकडे काचेच्या दोन तुकड्यांत वाळवलेला, गाईच्या फोडातल्या पुवाचा एकच थेंब उरलाय. एका पोराला पुरेल तेवढाच. त्याच्या दंडावर फोड आला की त्यातून बाकीच्या सगळ्यांना देता येतं. पण ते पहिलं पोर कुठून आणणार? दिवसभर शाळेत एकटा बसून होता. एक दार उघडलं नाही. कालपर्यंत ज्यांनी आमची घरं जाळली त्यांच्या हातात पोर कोण देईल? मी फेब्रुवारीत शिकवलेलं गावानं अगदी पाठ केलंय. उद्या दुपारी तो पुढच्या गावाला निघून जाणार.

फ्रान्झ माझ्या मांडीवर झोपलाय. त्याच्या दंडावर अजून काही नाही.

४ डिसेंबर

केसांत तेल, डोक्यावर कोंबड्याचं पीस लावलेली माझी टोपी, जी घालायला आता बंदी आहे, आणि कडेवर फ्रान्झ. मागच्या गल्लीनं नाही, चौकातून गेले. खिडक्यांचे पडदे हलत होते. कोणीतरी म्हणालं, "आफ्रासुद्धा!" मी मान वळवली नाही.

मला बघून डॉक्टर खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. मी म्हटलं, "घाबरू नका, आज बादली नाही आणली." त्यानं फ्रान्झचा दंड धरला. मी म्हटलं, "नीट धरा. कैसरचं नाव आहे त्याला." टोचलं. फ्रान्झनं असा टाहो फोडला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

निघताना मी सांगितलं, "हे झालं म्हणून तुमचा राजा मला पटला असं समजू नका. मला तो उद्या गेलेला हवाय."

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाला, "आठ दिवसांनी मूल परत आणा. मी थांबतो."

तिथून फ्रान्झला टोपलीत घालून वर कुरणाकडे निघाले, त्याच्या दुपट्याखाली कासियानसाठी पाव आणि बंदुकीची दारू. नाक्यावरच्या शिपायानं दुपटं उचललं, रडवेलं पोर आणि दंडावरची पट्टी बघितली आणि म्हणाला, "जा बाई, जा." गेले.

१२ डिसेंबर

फोड आलाय, मोत्यासारखा भरलेला! आज पुन्हा त्याच हौदाच्या कठड्यावर चढले, बर्फ झाडून. आवाज तोच, अजून पलीकडच्या डोंगरावर पोचतो.

"बायांनो, पोरं बाहेर आणा! हे बव्हेरियाचं नाही, माझ्या फ्रान्झच्या दंडातलं आहे! माझं दूध पिऊन झालेलं आहे! आणा पोरं!"

कोणी येईना. बर्फात माझे पाय बधिर झाले. बुर्गल खाली फ्रान्झची टोपली धरून उभी होती. मला वाटलं, बस, आता कोणी येत नाही, आणि मागचं आठवून यावं तरी का त्यांनी.

तेवढ्यात सॅक्रिस्टनच्या घराचं दार उघडलं. उर्शी, काळ्या कपड्यात, कडेवर तिचा धाकटा योस. जुलैपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन थांबली.

"या वेळी माझी बाही ओढू नकोस," म्हणाली.

कठड्यावरून उतरले आणि वाट दिली. ती शाळेकडे निघाली, मागे दुसरी दारं उघडायला लागली. तिच्या बाहीवर मी उसवलेली शिवण तिनं जाड काळ्या दोऱ्यानं घातली होती. फ्रान्झला छातीशी धरून मी तिच्यामागून चालत गेले.